चरे गेले, सोबत चमकही: दिंडोरी रोडवर आलेल्या एका काळ्या सेडानचं प्रकरण

पांढरं फडकं काळं व्हायला लागलं तेव्हा अण्णांच्या पुतण्याला वाटलं, मळ निघतोय. म्हणून त्यानं आणखी जोर लावला.

ही गोष्ट अण्णांनी गाडीतून उतरल्या उतरल्या सांगितली होती. मी 'हां हां' करत ऐकली आणि सोडून दिली, कारण माझं लक्ष बॉनेटकडे होतं. दोन दिवसांनी त्याच वाक्यापाशी परत यावं लागलं.

तारीख ९ ऑक्टोबर २०२४, बुधवार. दसरा शनिवारी, १२ तारखेला. दसऱ्याच्या आधीचा आठवडा म्हणजे नाशिकच्या म्हसरूळमधल्या आमच्या गाड्या पॉलिश करायच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. झेंडूची माळ चढायच्या आधी प्रत्येकाला गाडी आरशासारखी हवी असते. अण्णा दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. गाडी २०१९ची सेडान, रंग साधा काळा, मेटॅलिक नाही. काळी गाडी घेणाऱ्याला मी गमतीनं सांगतो की तुम्ही गाडी नाही, पाळीव जनावर घेतलंय. रोज अंगावरून हात फिरवावा लागतो आणि चुकीचा हात फिरला की ते दिसतं.

झालं असं होतं. शिवाररस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, अण्णांनी साइड दिली आणि डावी बाजू बाभळीत घुसली. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत ओरखडे. पुतण्या हुशार आणि हाताचा तरबेज. बागेतला फवारणीचा ब्लोअर तोच दुरुस्त करतो. त्यानं मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले, हार्डवेअरच्या दुकानातून १००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर आणला, रबिंग कंपाउंडचा, म्हणजे रंग घासायच्या पेस्टचा डबा आणला आणि घरातल्या ड्रिलला लोकरी टोपी बसवली. ओरखडे बरेचसे गेले. पण दोन्ही दारं पांढरट झाली, दुधाचा हात फिरवल्यासारखी. मग निदान सगळी गाडी एकसारखी दिसावी म्हणून त्यानं बॉनेटवरही कंपाउंड मारलं. आता बॉनेटही गेलं.

"ओरखडे परवडले असते, भाऊ," अण्णा म्हणाले. "ते लांबून दिसत नव्हते."

पांढरट म्हणजे नक्की काय

गिऱ्हाईक 'चमक गेली' म्हणतं तेव्हा त्या दोन शब्दांखाली किमान पाच-सहा वेगळी दुखणी असतात आणि लांबून सगळी सारखीच दिसतात. इथेच बहुतेक जण फसतात. पांढरट दिसलं की हात आपोआप कंपाउंडच्या बाटलीकडे जातो. पण पांढरटपणाचं कारण कंपाउंडच असेल तर?

गाडीच्या रंगाचे थर आधी ध्यानात घेऊ. पत्र्यावर गंज अडवणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. आमच्याकडचे जुने पेंटर त्याला सर्रास लॅकर म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतं, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अंदाज हवा असेल तर भाजीवाल्याकडची प्लॅस्टिकची पिशवी आठवा. २०२२च्या डिसेंबरअखेरपासून तिची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी असा नियम आहे. म्हणजे गाडीचा सगळा रंग मिळून एका कॅरीबॅगएवढा. त्यातला साधारण तिसरा हिस्सा, ३५ ते ५० मायक्रॉन, क्लिअरचा. चमक त्याची, ऊन झेलणं त्याचं, आणि आपण घासतो तेही त्यालाच.

क्लिअर गुळगुळीत असला की प्रकाश एका दिशेनं परततो आणि आपल्याला त्यात चेहरा दिसतो. त्यावर बारीक खाचा पडल्या की प्रकाश विखुरतो आणि डोळ्याला धुकं दिसतं. पांढऱ्या गाडीवर हेच धुकं असतं, पण पांढऱ्यावर पांढरं कुणाला दिसणार. काळा रंग मात्र सगळं सांगून टाकतो.

१००० नंबरच्या पेपरचा दाणा सुमारे १८ मायक्रॉनचा. १५००चा बारा-तेरा, २०००चा दहाच्या आसपास. दाणा जेवढा तेवढी खोल खाच पडते असं नाही, पण प्रमाण कळायला हे आकडे पुरे. १०००नं पाडलेल्या रेघा १५००नं काढायच्या, त्याच्या २०००नं, त्याच्या ३०००नं, मग कंपाउंड, मग पॉलिश. प्रत्येक पायरीचं काम एकच, आधीच्या पायरीच्या खुणा पुसणं. पुतण्यानं १०००वरून थेट कंपाउंडवर उडी मारली होती. कंपाउंडनं रेघांचे काठ बोथट केले, पण रेघा तिथेच राहिल्या.

उन्हात, मग सावलीत, मग भिंगाखाली

गाडी उभी राहिली तेव्हा अकरा वाजले होते. ऑक्टोबरचं ऊन, काळा पत्रा. इन्फ्रारेड थर्मामीटर बॉनेटवर धरला तर ५४ अंश. उन्हाचा उपयोग पाहण्यापुरता करून घेतला, कारण सूर्यासारखा दिवा नाही. दारांवर प्रकाशाभोवती लाटांसारखे चंदेरी पट्टे सरकत होते. हे नुसतं गरगर फिरणारं मशीन चुकीचं वापरल्याचं लक्षण, आमच्या भाषेत होलोग्राम. बॉनेटवर पट्टे नव्हते, नुसतं सपाट धुकं होतं, जानेवारीत पहाटे गोदाकाठी असतं तसं.

गाडी सावलीत घेऊन थंड होऊ दिली, धुतली आणि दारांवर पाण्याचा बारीक फवारा मारला. दार काळंभोर झालं. वाळलं की पुन्हा पांढरट. पाणी खाचांमध्ये भरतं, पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होतो आणि धुकं जातं. म्हणजे दुखणं वरच्या वर आहे, क्लिअरच्या आत किंवा खाली नाही. मी समाधानानं मान डोलावली. पण या चाचणीत एक मेख आहे. क्लिअर पूर्ण उडून उघडी पडलेली बेसची जागाही ओली केली की तशीच काळी दिसते. म्हणजे माझ्या समाधानाला काही अर्थ नव्हता. तो धडा पुढे येतो.

नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोल पाण्यात पातळ करून दारं पुसली. रबिंग कंपाउंडमध्ये तेलं असतात. ती खाचांमध्ये बसून त्या लपवतात. पुसल्यावर खरी परिस्थिती उघडी पडली. पांढरटपणा दुप्पट झाला आणि भिंगाखाली १०००च्या सरळ, एकमेकींना समांतर रेघा स्वच्छ दिसल्या. अण्णा शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मी सांगितलं की आत्ता वाईट दिसतंय ते मी केलेलं नाही, ते होतंच, फक्त झाकलेलं होतं.

मग जाडीचं मीटर. हे मीटर फक्त पत्र्यावर चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही, आणि ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं. क्लिअर किती उरलाय हे ते सांगत नाही. म्हणून तुलना लागते. छपरावर ११० ते ११५. उजव्या दारांवर, जिथे कुणी हात लावला नव्हता, १०६ ते ११२. डाव्या पुढच्या दारावर बहुतेक ठिकाणी शंभरच्या आसपास, आणि जिथे मुख्य ओरखडा होता तिथे ९१. डाव्या मागच्या दारावर १०१ ते १०५, घासलेल्या पट्ट्यात ९३.

म्हणजे सगळ्यात वाईट जागी किमान पंधरा-सोळा मायक्रॉन गेलेले. क्लिअर चाळीसचा धरला तर पंचवीसच्या आसपास शिल्लक. आमच्या धंद्यात असा दंडक आहे की एका गाडीच्या आख्ख्या आयुष्यात सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त क्लिअर काढू नये, कारण तो उन्हाला तोंड देतो. इथे त्याच्या दुप्पट आधीच गेलेलं होतं. माझ्या हातात अगदीच चिल्लर उरली होती. मी वहीत लिहून ठेवलं, दारांवर आणखी तीन-चार मायक्रॉन, त्यापुढे एकही नाही.

बॉनेटवर मात्र मीटर १०८ ते १११ दाखवत होतं, जवळजवळ छपराएवढंच. तिथून फारसं काही गेलेलंच नव्हतं. मग ते पांढरट का? हा प्रश्न बाजूला ठेवून मी आधी दारं घेतली, कारण दारांचं कारण कळलेलं होतं.

पहिला चौकोन

डाव्या पुढच्या दारावर टेपनं दीड फुटाचा चौकोन आखला. सुरुवात नेहमी सगळ्यात मऊपासून. मऊ फोम, बारीक पॉलिश, ड्युअल अॅक्शन मशीन, म्हणजे आमचं डीए, फिरता फिरता डोलणारं. चार फेऱ्यांनी होलोग्राम गेले, रेघा जागच्या हलल्या नाहीत. अपेक्षितच होतं, पण ही पायरी मी टाळत नाही. एवढ्यात काम झालं असतं तर तीन मायक्रॉन वाचले असते.

दुसऱ्यांदा ३००० नंबरची फोमची डिस्क, ओली, अगदी हलक्या हातानं, तीन फेऱ्या. मग मायक्रोफायबर पॅडवर कंपाउंड. मग मध्यम पॉलिश, मग मऊ फोमवर बारीक पॉलिश. अल्कोहोलनं पुसलं. भिंगाखाली सरळ रेघा गेलेल्या होत्या. मीटर दीड-दोन मायक्रॉननं उतरलं होतं. पण टॉर्च धरला तर धुकं होतंच. पुतण्याच्या धुक्यापेक्षा पुष्कळ कमी, दिशा नसलेलं, एकसारखं, अगदी पातळ. गुळगुळीत काचेवर कुणी लांबून श्वास सोडावा तसं.

हे डीएचं धुकं. मऊ क्लिअरवर मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंड वापरलं की ते येतं आणि शेवटच्या पॉलिशनं जायला हवं. माझं गेलं नव्हतं. मग संशयितांची रांग लागली. पॅड भरलाय का? काढलेला क्लिअर आणि सुकलेलं पॉलिश फोमच्या छिद्रांत साचतं आणि तेच मग पेपरचं काम करतं. नवा पॅड लावला. थोडा फरक. वेग कमी केला, शेवटच्या दोन फेऱ्यांत मशीनचा नुसता भार ठेवला, हाताचा दाब शून्य. आणखी थोडा फरक. पत्रा गरम आहे का? ३१ अंश, ठीक. पॉलिश जास्त घेतलंय का? चार थेंबांवर आणलं. डीए सोडून रोटरी, म्हणजे नुसतं गरगर फिरणारं मशीन घेतलं, मऊ फोम, हजारच्या खाली फेरे. कधी कधी मऊ रंगावर डीएचं धुकं रोटरीनंच निघतं. टॉर्चखाली बघितलं, छान. पुसलं, पुन्हा धुकं.

संध्याकाळचे सात. पोऱ्या चहा घेऊन आला. त्यानं सहज विचारलं, "पुसायच्या आधी दिसत नाही, पुसल्यावर दिसतं, असं कसं?"

मी त्याच्याकडे बघत बसलो.

धुकं माझंच होतं

चौकोन परत पॉलिश केला. या वेळी पुसला नाही. वरून स्वच्छ पाणी सोडलं, पॉलिश वाहून गेलं, ब्लोअरनं वाळवलं. बागेतला नाही, आमचा गाडी वाळवायचा. टॉर्च धरला. दारात माझा चेहरा, टॉर्चचा गोळा, मागची ट्यूबलाइट, सगळं कडांसकट. धुकं कुठेच नाही. आता अर्धा चौकोन नेहमीच्या मायक्रोफायबर टॉवेलनं पुसला. त्या अर्ध्यावर लगेच ते पातळ धुकं. मग पाकिटातून नवा कोरा टॉवेल काढून उरलेला अर्धा पुसला. स्वच्छ.

आमच्या शेडला बोअरचं पाणी. जड आहे, बादलीच्या काठाला पांढरी कड धरते, गिझरचं तर विचारूच नका. त्याच पाण्यात टॉवेल धुवायचे, वर पत्र्यावर उन्हात वाळत टाकायचे. क्षार धाग्यात बसतात आणि टॉवेल हळूहळू ताठ होतो. बोटांना ते एका दिवसात कळत नाही. गालावर फिरवून पाहिला तर खरखर लागली. गालावर आधी का फिरवला नव्हता, याला उत्तर नाही. मनात मात्र एक गणित चालू झालं. हे टॉवेल जूनपासून वापरात होते. या चार महिन्यांत किती गाड्या पुसल्या असतील? बहुतेक पांढऱ्या आणि चंदेरी, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. तक्रार आली नाही म्हणून मी बरोबर होतो, असं थोडंच आहे.

त्या रात्री सगळे टॉवेल पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवले आणि गुरुवारी सकाळी महापालिकेच्या पाण्यात धुतले. गंगापूर धरणाचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी हलकं. निम्मे सुधारले, निम्मे चाकं पुसायला काढले. तेव्हापासून शेवटच्या हाताचे टॉवेल वेगळे, पाणी वेगळं, आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, कारण त्याचा तेलकट थर काचेवर आणि रंगावर उतरतो.

गुरुवारी दोन्ही दारं चौकोन-चौकोन करत उरकली. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं साफ, पाच चौकोनांनंतर नवा पॅड. सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर, मधे काम बंद. उन्हात पॉलिश दोन फेऱ्यांत सुकतं, भुकटी होतं आणि ती भुकटीच ओरखडते. ९१वाली जागा ८८वर थांबली. तिथे एक चरा राहिला. नख फिरवलं की अडकत होतं. नख अडकलं की तो चरा पॉलिशचा राहिलेला नसतो. मी अण्णांना फोन करून सांगितलं, हा सोडतोय. ते म्हणाले, "सोडा. पण पांढरं नको."

बॉनेटचं उत्तर बागेत होतं

बॉनेट भिंगाखाली घेतलं तेव्हा सरळ रेघा नव्हत्याच. होती ती हजारो बारीक वलयं, आणि मधे मधे आडवेतिडवे ओरखडे. वायपरच्या खालच्या प्लॅस्टिकच्या खोबणीत बोट फिरवलं तर निळसर पांढरी भुकटी आली. मी अण्णांना फोन लावला. गाडी पावसाळ्यात कुठे उभी असते?

"बागेच्या कडेला, शेडला जागा कुठंय."

"बोर्डो मारता का?"

"मारतोच की. डाउनीला दुसरं काय?"

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, द्राक्षावरच्या डाउनी रोगासाठी मारायचा फवारा. एक टक्का म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे द्राक्षवाल्याला मी काय सांगणार. ब्लोअरनं मारलेला फवारा वाऱ्यानं गाडीवर बसायचा, वाळायचा, वरून पाऊस, पुन्हा फवारा. शिवाय गाडी धुवायची ती विहिरीच्या पाण्यानं, उन्हात, न पुसता. चुन्याचा आणि क्षारांचा एक पापुद्राच तयार झाला होता. पुतण्यानं त्यावर थेट कंपाउंड आणि लोकरी टोपी फिरवली. म्हणजे त्यानं चुन्याचे कण क्लिअरवर घासले. बॉनेटवर त्याच्या कंपाउंडनं काहीच कापलं नव्हतं, कापलं ते चुन्यानं.

इथे मशीन आधी लावणं म्हणजे त्याचीच चूक पुन्हा करणं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भिजवलेली मऊ कापडं थंड बॉनेटवर पसरली, तीन-चार मिनिटं ठेवली, वाळू दिली नाहीत, आणि भरपूर पाण्यानं धुतलं. दोनदा केलं. त्यानंतर क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण उचलणारा मऊ गोळा फिरवला. हात फिरवला तर आता कागदासारखं नाही, काचेसारखं लागत होतं. अर्धं धुकं एवढ्यानंच गेलं, एक मायक्रॉनही न खर्चता. मग मध्यम पॉलिश आणि बारीक पॉलिश, नवे टॉवेल, दीड तास. वलयांपैकी काही क्लिअरमध्ये खोल उतरलेली होती, ती राहिली. त्यांच्यामागे लागलो नाही. एका हाताच्या अंतरावरून, तिरप्या उन्हात, शोधली तर दिसतात.

माझ्या मते द्राक्षपट्ट्यातल्या निम्म्या 'चमक गेलेल्या' गाड्यांचं दुखणं हेच असतं. त्यांना पॉलिशपेक्षा आधी ताडपत्रीची गरज असते.

मळ नव्हता

शुक्रवारी दुपारी, सगळं झाल्यावर, मागच्या दाराच्या मधल्या कडेवर टॉर्च धरला. दाराच्या पत्र्याला आडवी जी दुमड असते ती. बोटभर रुंद आणि अंगठ्याएवढा लांब एक डाग, मंद, कडा स्पष्ट असलेला. आजूबाजूला आरसा आणि मधे पाटीसारखा मठ्ठ काळा. पॉलिशचा एक थेंब बोटानं तिथे फिरवला आणि पांढऱ्या कापडानं पुसला. कापड काळं.

क्लिअर पारदर्शक असतो. तो घासला की पॅडवर पांढरट-करडं काहीतरी येतं, रंग येत नाही. जुन्या एकथरी रंगाच्या गाडीवर रंग येतो आणि त्यात काही वावगं नाही. पण २०१९च्या, क्लिअर असलेल्या गाडीवर काळं आलं तर तो मळ नसतो, तो गाडीचा रंग असतो. अण्णांनी पहिल्या मिनिटालाच सांगितलं होतं. मी दार ओलं करून काळंभोर झालं म्हणून खूश झालो होतो. मीटरनंही सांगितलं नाही, कारण दुमडीवर मीटरचं टोक नीट टेकत नाही आणि आकडे काहीही येतात. तिथे मी मोजलंच नव्हतं.

दुमडीवरच का? ओला क्लिअर टोकदार कडेवरून दोन्ही बाजूंना ओघळतो, त्यामुळे तिथे तो मुळातच पातळ. आणि मशीनचा सगळा भार तिथे एका रेषेवर येतो. ड्रिलचे फेरे जास्त, टोपी लहान, दाब जास्त. म्हणून कडांवर आम्ही टेप लावतो किंवा मशीन न नेता हातानं करतो.

या डागाला पॉलिश नाही. जगातलं कुठलंही पॉलिश गेलेला क्लिअर परत आणत नाही. रस्ता एकच, दार पेंटरकडे, बेस आणि क्लिअर पुन्हा. शुक्रवारी संध्याकाळी ते होणं शक्य नव्हतं. मी अण्णांना दोन पर्याय दिले. जसंय तसं न्या, किंवा मी त्यावर ग्लेझ, म्हणजे दोष तात्पुरते झाकणारं पॉलिश, आणि वॅक्स लावतो, दसऱ्याला दिसणार नाही, दोन-चार धुण्यांत परत दिसेल. त्यांनी दुसरा निवडला. ग्लेझला आमच्यातले काही जण पाप मानतात. मला ते पाप वाटत नाही. न सांगता लावणं आणि दुरुस्ती म्हणून पैसे घेणं, ते पाप. बिल साडेपाच हजार झालं, त्यात ग्लेझचे पैसे धरले नाहीत.

पुतण्या गाडी न्यायला आला. मी त्याला डाग दाखवला आणि कापडही. तो बराच वेळ कापडाकडे बघत राहिला. "दादा, मला वाटलं, जितका निघेल तितका चांगला."

दिवाळीनंतर

दसऱ्यानंतर अण्णांनी मागचं दार एका पेंटरकडे रंगवून घेतलं. रंग जुळला होता, काम वाईट नव्हतं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी परत आमच्या शेडसमोर उभी. नवीन रंगवलेलं दार मंद झालेलं. घेतलं तेव्हा चकाकत होतं म्हणे.

हा पांढरटपणाचा आणखी एक प्रकार, आणि याचा ओरखड्यांशी संबंध नाही. क्लिअरमधलं थिनर पूर्ण उडून जायला वेळ लागतो. थर जाड दिला असेल, हवा दमट असेल तर आणखी वेळ. दुसऱ्याच दिवशी धूळ काढायला पेपर मारून बफ केलं तर त्या दिवशी आरसा दिसतो. पण आतलं थिनर नंतर बाहेर पडत राहतं, थर आकसतो आणि पेपरच्या रेघा परत वर येतात. मीटरनं त्या दारावर दोनशेच्या वर आकडा दाखवला. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर असा आकडा येतोच, त्यामुळे पेंटरला दोष द्यायचं कारण नव्हतं. त्याला दसरा-दिवाळीची घाई होती, आणि गिऱ्हाइकालाही होती.

मी मशीन हातात घेतलं नाही. अण्णांना म्हटलं, तुळशीचं लग्न होऊ द्या, आणखी दोन आठवडे जाऊ द्या. तोवर त्या दारावर वॅक्स नको, कोटिंग नको, फक्त पाण्यानं धुवा आणि उन्हात थोडी उभी करा. त्यांना ते जरा विचित्र वाटलं, कारण आधी मीच ऊन वर्ज्य सांगितलं होतं. वाळायला ऊन चालतं, घासायला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी गाडी आली तेव्हा नख दाबलं तर ठसा उमटत नव्हता आणि वासही गेला होता. एक मध्यम, एक बारीक, नवे टॉवेल. पाऊण तासाचं काम. टॉर्च धरून मी, पोऱ्या आणि पुतण्या तिघंही वाकून बघत होतो. डिसेंबरच्या तोंडाशी अण्णा बागेत अडकलेले, म्हणून पुतण्याच आला होता. त्यानं विचारलं, हे मशीन केवढ्याला मिळतं. मी सांगितलं, आणि शेडच्या मागे पडलेलं अपघातातल्या गाडीचं एक बॉनेट त्याच्या डिकीत टाकलं. त्यावर मन भरेपर्यंत घास, म्हटलं, कापड काळं होईपर्यंत.

पुढच्या दारावरचा तो नख अडकणारा चरा अजून आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात हँडलच्या खाली चार बोटं दिसतो. वहीत त्याच्यापुढे ८८ लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात.